‘सीझन’ नेमका कोणाचा?

दसऱ्या-दिवाळीची चाहूल लागली, की बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद अशा ठिकठिकाणी पसरलेल्या आमच्या आप्तेष्टांकडून आणि वाचकांकडून एकच पृच्छा होऊ लागते : गोव्यास समुद्रावर चार दिवस यावे म्हणतो, केव्हा आलेले बरे? पृच्छा साधी आहे आणि तिला सरळ उत्तर देणे हे यजमानाचे कर्तव्य आहे. परंतु गंमत अशी, की विचारणाऱ्याच्या हाती उत्तर आधीच येऊन पडलेले असते. प्रवासकंपनीच्या रंगीत पत्रकाने ते दिलेले असते, हॉटेलच्या दरपत्रकाने त्यावर शिक्कामोर्तब केलेले असते आणि सुटीच्या पुरवण्यांनी ते घोकून घेतलेले असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा ‘सीझन’; त्यातही नाताळ ते नववर्ष हा त्याचा मुकुटमणी; उरलेले सारे वर्ष ‘ऑफ-सीझन’, म्हणजे उरल्यासुरल्या मालाचा स्वस्त बाजार. हे कोष्टक आज इतके रूढ झाले आहे, की ज्यांची नाळ याच किनाऱ्यावर पुरलेली आहे, तेही ते निमूटपणे उच्चारू लागले आहेत. आम्हांस हे कोष्टक मान्य नाही.

हा सीझन आला तरी कोठून? समुद्राने तो ठरविलेला नाही आणि समुद्रकाठच्या माणसानेही नाही. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस हणजूण-वागातोरच्या वाळूवर पाश्चात्त्य तरुणांचे तांडे येऊन राहू लागले. आपल्या देशातील हिवाळा चुकवून ते येत आणि येथे ऊन तापू लागले, की काढता पाय घेत. पुढे १९८७ साली दाबोळीच्या विमानतळावर पहिले चार्टर विमान उतरले आणि ऑक्टोबर ते एप्रिल हा त्या विमानांचा हंगाम होऊन बसला. त्या हंगामाभोवती हॉटेले उभी राहिली, हॉटेलांभोवती दर उभे राहिले, आणि त्या दरांनाच पुढे ऋतूची प्रतिष्ठा प्राप्त झाली. ज्याच्या गावी डिसेंबरात दुपारी चार वाजता दिवेलागण होते, त्यास आमचा डिसेंबर स्वर्ग वाटला तर त्यात त्याची काय चूक? त्याने आपली सोय पाहिली. पण इंदूरच्या गृहस्थाने त्याचे वेळापत्रक कशाकरिता उचलावे? माळव्याचा डिसेंबर काही पळून जाण्याजोगा नसतो. ग्वाल्हेरकरास थंडी बोचते हे खरे. परंतु मे महिन्यात चव्वेचाळीस अंशांच्या झळा लागतात, तेव्हा त्यास समुद्र अधिक हवासा वाटावयाचा की रजई पांघरावयाच्या दिवसांत? दुसऱ्याच्या हिवाळ्यावर बेतलेला अंगरखा आपण आपल्या अंगात घालीत आहोत, आणि तो नीट बसत नाही म्हणून दोष मात्र आपल्या खिशास देत आहोत.

डिसेंबरातील समुद्र चांगला असतो, हे आम्ही नाकारीत नाही. लाटा कंबरेच्या वर क्वचितच जातात. सकाळी जमिनीकडून मतलई वारा सुटतो आणि पाणी तळ्यासारखे पडून असते. दुपारी खारा वारा फिरला, की थोडी लहर उठते इतकेच. वादाचा मुद्दा समुद्राचा नाही, त्या एका आठवड्याचा आहे. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या घरात होती. २०२४ या एका वर्षात येथे एक कोटीहून अधिक पाहुणे येऊन गेले. हे पाहुणे बारा महिन्यांत समान वाटले असते, तर आम्ही एक अक्षर बोललो नसतो. परंतु वर्षाच्या शेवटच्या सात दिवसांत त्यांचा जो लोंढा कळंगुट-बागा-हणजूणच्या चिंचोळ्या रस्त्यांवर लोटतो, त्यात मनुष्य समुद्र पाहावयास येतो आणि पुढच्या मोटारीची मागची बाजू पाहून परत जातो. खोलीचे भाडे दुप्पट-तिप्पट होते, मासळीचे मोल विचारण्याची सोय राहत नाही, रात्री ध्वनिक्षेपकांनी झोप येत नाही. याला विश्रांती म्हणावयाचे असेल, तर श्रमाकरिता भाषेस नवा शब्द शोधावा लागेल.

आणि त्याच दिवसांत या किनाऱ्यावर दुसरा एक पाहुणा येतो, ज्याचा येथील हक्क आपल्या सर्वांहून जुना आहे. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग या किनाऱ्यांवर हिवाळ्याच्या रात्री ऑलिव्ह रिडले जातीची कासवी अंडी घालावयास वर चढते. वाळूत खड्डा करून ती शंभराच्या आसपास अंडी घालते आणि वाळू सारखी करून परत जाते. दीड-पावणेदोन महिन्यांनी पिले बाहेर येतात आणि पाण्यावरच्या फिकट उजेडाचा माग घेत समुद्राकडे धावतात. किनाऱ्यावर दिव्यांची रोषणाई असली, की तीच पिले उलट दिशेने चालू लागतात. वनखात्याची माणसे कुंपणे घालून घरट्यांवर पहारा करतात, ही चांगली गोष्ट. परंतु ज्या महिन्यांत किनारा सर्वांत शांत व अंधारा असावयास हवा, तेच महिने आपण सर्वांत झगझगीत करून सोडले आहेत. पत्रकातील कोष्टक छापणाऱ्यांनी कासवीस विचारले नव्हते, हे उघड आहे.

हे झाले सीझनचे. ‘ऑफ-सीझन’ या शब्दावर आमचा राग याहून मोठा आहे, कारण त्या शब्दाने माणसे मरतात.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मोसमी पाऊस साधारणतः गोव्यास पोहोचतो. वर्षाच्या सुमारे तीन हजार मिलिमीटर पावसापैकी बहुतेक सारा सप्टेंबरअखेर पडून जातो. जुलै हा त्यातला सर्वांत मुसळधार. शेतकऱ्याला विचारा, हा ‘ऑफ-सीझन’ आहे काय? वायंगणाची जमीन तापून पडलेली असते, सरद शेती याच दिवसांत उभी राहते, खाजनांचे बांध याच दिवसांत राखावे लागतात. दर्यावर्दी माणसाला विचारा. यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै असे एकसष्ट दिवस मासेमारी बंद असते, कारण हा माशांच्या विणीचा काळ आणि समुद्र खवळलेला. किनाऱ्यावरची खाण्यापिण्याची खोपटी, ज्यांना सारे शॅक म्हणतात, तीही नियमाप्रमाणे मेअखेर मोडून न्यावी लागतात. म्हणजे ज्याचा जन्म पाण्यावर गेला त्यास आपण सांगतो, की बाबा रे, दोन महिने दर्यात उतरू नकोस. ज्याने चार बांबू रोवले त्यास सांगतो, की ते काढून ने. आणि ज्याने आयुष्यात समुद्र एकदाही पाहिला नाही अशा दूरच्या पोराला मात्र त्याच जुलैत निम्म्या भाड्याची खोली दाखवून बोलावतो. खिडकीतून लाटा दिसतील, असेही वर छापतो! दर्यावर्दीस बंदी आणि नवख्यास आमंत्रण, ही कोणती रीत?

पावसाळ्यातील समुद्र फसवा कसा असतो, ते येथे थोडे विस्ताराने सांगितलेच पाहिजे, कारण पत्रकांत ते कधी छापले जात नाही. हिवाळ्यात जो रुंद, सपाट वाळवंट आपण पाहतो तो बारमाही नसतो. जून-जुलैच्या उंच लाटा किनाऱ्याची वाळू ओरबाडून काही अंतरावर पाण्याखाली तिचे बांध घालतात. किनारा अरुंद आणि उतरता होतो, एरवी झाकलेले खडक उघडे पडतात. लाटांबरोबर आत आलेले पाणी परत जाताना या बांधांतील खिंड शोधते आणि तेथून जोराने बाहेर ओढले जाते. आता यातील क्रूर थट्टा पाहा. जेथे खिंड असते तेथे पाणी खोल असल्यामुळे लाट फुटत नाही. दोन्ही बाजूंस फेसाळ लाटा आणि मध्ये एक शांत, गडद पट्टा, असे ते दृश्य दिसते. नवखा मनुष्य, विशेषतः नदी-तळ्यात पोहायला शिकलेला, त्या शांत पट्ट्यासच सुरक्षित समजतो आणि नेमका तेथेच उतरतो. पुढे पाय सुटले, की तो घाबरून सरळ किनाऱ्याकडे हात मारू लागतो. त्या ओढीविरुद्ध पट्टीचा पोहणाराही दमतो. किनाऱ्यास समांतर, आडवे पोहत त्या पट्ट्याबाहेर पडावे, हे साधे ज्ञान किनाऱ्यावरील पोराला असते. ग्वाल्हेरहून आलेल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला नसते, आणि ते नसणे हा त्याचा अपराध नव्हे.

म्हणून दरवर्षी जून-जुलैत आमच्या वृत्तपत्रांत त्याच बातम्या येतात. गावांची नावे तेवढी बदलतात. २००८ सालापासून किनाऱ्यांवर जीवरक्षकांची संघटित व्यवस्था आहे, लाल बावटे लावले जातात, शिट्ट्या वाजतात. पण ज्याने खोलीचे पैसे भरले, पाचशे मैलांचा प्रवास केला आणि वर दोन पेले रिचविले, त्यास बावटा दिसत नाही. आम्ही जीवरक्षकांना दोष देत नाही. त्यांच्याच जिवावर हा संसार चालला आहे. दोष त्यांचा, जे ‘पाऊस आणि बीच’ ही दोन नावे एकाच वाक्यात गुंफून विकतात.

मग पावसाळ्यात गोव्यास येऊच नये काय? अवश्य यावे! किंबहुना ज्याने आषाढातील गोवा पाहिला नाही, त्याने गोवा पाहिला असे आम्ही म्हणणार नाही. परंतु समुद्राकडे पाठ करून यावे. माशेलच्या देवळासमोर आषाढी एकादशीनंतर चिखलकाला होतो, त्यात जावे. २४ जूनला सांजांवाच्या दिवशी डोक्यावर फुलापानांचे कोपेल घालून तरुण मंडळी विहिरींत उड्या घेतात, ते पाहावे. २९ जूनचा सांगोड, ऑगस्टमधील दिवाडीचा बोंदेरा पाहावा. चोर्ल्याच्या घाटात ढगांतून उतरावे. समुद्र पाहावासा वाटला, तर आग्वादच्या किंवा काब द रामच्या तटावरून पाहावा. तो रुद्र आहे, भव्य आहे, आणि त्या अंतरावरूनच पाहण्याचा आहे. नारळी पौर्णिमेस नारळ अर्पण केला म्हणजे दुसऱ्या दिवशी समुद्र निवतो अशीही समजूत करून घेऊ नये. नारळ ही विनंती असते. वाळू परत येऊन किनारा भरावयास दसरा उजाडतो.

आता एक प्रश्न कोणी विचारीत नाही, तो आम्ही विचारतो : चार्टर विमान येण्यापूर्वी गोंयकार स्वतः समुद्रावर केव्हा जात असे? उत्तर अनेकांना चकित करील. तो मे महिन्यात जात असे. आतल्या गावांतील घराणी सामानसुमान, भांडीकुंडी, स्वयंपाकीण यांसह कळंगुट-कोलव्यास भाड्याचे घर घेऊन महिना-पंधरा दिवस राहत. त्यास मुदांस म्हणत, म्हणजे हवापालट. वैशाखातील खाऱ्या पाण्याचे न्हाण अंगास मानवते, खरूज-नायट्यास उतार पडतो, अशी हिंदू-ख्रिस्ती दोहोंचीही समजूत होती, आणि आजही वडील मंडळी नातवंडांना हाताशी धरून त्या दिवसांत पाण्यात उतरतात. मिठागरांत मिठाचे ढीग उभे असतात, मानकुराद पिकलेला असतो, फणस फुटलेले असतात. पावसाळ्याची बेगमी म्हणजे पुरुमेंत भरण्याची लगबग चालू असते. मडगावात पुरुमेंताचे फेस्त भरते, तेथे सुकी मासळी, मिरच्या, सोले, कांद्यांच्या माळा यांचे डोंगर लागतात. हा आमचा खरा समुद्राचा हंगाम होता. दरपत्रकात तो कोठेही नाही.

मे महिन्यात उकडते, असा आक्षेप येईल. उकडते, यात वाद नाही. पणजीचा पारा तेहतीसच्या आसपास असतो आणि घाम वाळत नाही. परंतु नागपूर-ग्वाल्हेरच्या चव्वेचाळिसातून येणाऱ्याने तेहतिसाची तक्रार करावी, हे आम्हांस थोडे नाजूकपणाचे वाटते. सकाळी नवाच्या आत आणि सायंकाळी पाचानंतर पाण्यात असावे, दुपारी झोपावे. गोंयकाराने दुपारच्या झोपेचा शोध उगीच लावलेला नाही. आणखी एक खरे आहे, की मे महिन्यात किनारी गावांच्या विहिरी तळाला जातात. तेव्हा पाहुण्याने नळ सोडून दात घासू नयेत, एवढी अपेक्षा गैर नव्हे.

मर्यादा मात्र कडक आहे. मे महिन्याचा उत्तरार्ध आमच्या हिशोबात धरू नये. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा झाडे आणि विजेचे खांब कसे पडले, ते अजून विसरलेलो नाही. २०२५ साली तर मोसमी पाऊस २४ मे रोजीच केरळात उतरला आणि दोन दिवसांत मुंबईला भिडला. पंचांग आणि वेधशाळा दोन्ही पाहिल्यावाचून वैशाखात दर्याशी करार करू नये.

येथे आमच्या हैदराबादच्या आणि बडोद्याच्या वाचकांसाठी एक शब्द, कारण त्यांना जवळचे समुद्र वेगळे आहेत. गोव्यात ऑक्टोबर हा किनारा उघडण्याचा महिना. पूर्व किनाऱ्यावर तोच सर्वांत धास्तीचा. विशाखापट्टणमवर हुडहुड वादळ आदळले ते १२ ऑक्टोबर २०१४ रोजी, आणि बंगालच्या उपसागराचा हा खेळ डिसेंबरापर्यंत चालतो. हैदराबादकराने तिकडे जावयाचे तर पौषानंतर जावे. पश्चिम समुद्रही ऑक्टोबरात अगदी निर्धोक नसतो. २०१९ च्या ऑक्टोबरअखेर क्यार वादळ दूर समुद्रात असूनही आमच्या किनाऱ्यावर पाणी चढले होते. बडोदेकराला महिन्यापेक्षा तिथी महत्त्वाची. खंभातच्या आखातात भरतीओहोटीचे अंतर दहा मीटरांच्या आसपास जाते, गोव्यात ते जेमतेम दोन. तीथल-दमणकडे अमावास्या-पौर्णिमेच्या ओहोटीस गेले, तर समुद्र दूर चिखलापलीकडे सरकलेला सापडतो आणि भरती येते ती पाठलाग करीत. ‘बीचचा सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी’ हे सर्व समुद्रांना एकाच मापाने मोजणारे वाक्य किती पोकळ आहे, ते एवढ्यावरून कळावे.

तर मग आमचे उत्तर काय? माघ-फाल्गुन. (ग्वाल्हेर-इंदूरच्या मंडळींनी आपले घरचे अमान्त पंचांग धरावे; बाजारातील पौर्णिमान्त पंचांगात आमची माघातली शिवरात्र फाल्गुनात पडते आणि घोटाळा होतो.) या दिवसांत नववर्षाचा धुरळा बसलेला असतो, भाडी उतरलेली असतात, रात्री अंगावर चादर लागते, दिवसा ऊन सोसते. समुद्र वर्षातला सर्वांत सालस असतो आणि किनाऱ्याची वाळू पुरती भरलेली असते. शिवाय दूरदेशी गेलेली आमची अनेक घराणी पिढ्यान्‌पिढ्या याच दिवसांत गोव्यास येत आली आहेत, कारण कुलदैवतांच्या जत्रा या दिवसांत असतात. मंगेशीची जत्रा माघात, कवळ्याच्या शांतादुर्गेची माघात. पुढे कार्निव्हल आणि मग शिगमो. इंदूरच्या आजोबांनी कुळाचार आणि खाऱ्या पाण्याचे न्हाण एका फेरीत उरकले, ते काही काटकसरीपोटी नव्हे. त्यांना पत्रक वाचता येत नव्हते, पण महिना ओळखता येत होता.

शाळा आडवी येते, हे आम्ही जाणतो, आणि सर्वांना माघ साधेल असा आमचा आग्रह नाही. बेळगावकरांना कर्नाटकातील दसऱ्याची लांब सुटी मिळते आणि चोर्ल्यावरून आम्ही त्यांना तीन तासांच्या अंतरावर आहोत. त्यांनी दसरा उलटल्यावर यावे, पाऊस पुरता गेला आहे एवढे पाहून. इंदूर-बडोद्याकडील मुलांना दिवाळीची सुटी असते. भाऊबीज झाल्यावर निघालेला मनुष्य नोव्हेंबरच्या पूर्वार्धाचा उत्तम किनारा डिसेंबरच्या निम्म्या खर्चात पाहतो. आणि ज्यांना केवळ उन्हाळाच मोकळा, त्यांनी एप्रिलचा उत्तरार्ध किंवा मे महिन्याचा पहिला पंधरवडा धरावा.

हॉटेलवाल्यांचे यावर म्हणणे असे, की आम्ही त्यांच्या पोटावर पाय देतो. उलट, सात दिवसांचा महापूर आणि त्यानंतर ओस पडलेल्या खोल्या यापेक्षा सहा महिन्यांची वाहती नदी कोणत्या धंद्यास नको असते? ज्यांना तो हिशोब कळतो, त्यांनी मे महिन्यातील मराठी कुटुंबासाठी वेगळा दर आणि साधे जेवण ठेवून पाहावे. चार माणसांच्या खोलीत एक जादा गादी घातली म्हणून हॉटेलाची प्रतिष्ठा जात नाही.

उन्हाळ्यात येऊ इच्छिणाऱ्यांनी परतीचे तिकीट मे महिन्याच्या पंधरा तारखेच्या आतले काढावे. मुले रडतील, एक दिवस आणखी राहू म्हणतील. त्यांच्या हाती मानकुरादची एक पेटी द्यावी आणि गाडीत बसवावे.